समोरच्याला पोहोचेल असे इंग्रजी

इंग्रजी वाचता येते, पत्रे लिहिता येतात, परीक्षेत गुणही चांगले मिळालेले असतात. तरीही रोजचा व्यवहार इंग्रजीत चालतो अशा ठिकाणी नव्याने गेल्यावर एक प्रसंग बहुतेक मराठी भाषकांच्या वाट्याला येतो. आपण एक वाक्य बोलतो, समोरच्याला ते कळत नाही आणि तो ‘सॉरी?’ असे विचारतो. आपण तेच वाक्य जरा मोठ्याने म्हणतो. तो पुन्हा विचारतो. तिसऱ्या वेळी आपण ‘नथिंग, नथिंग’ म्हणून विषय सोडून देतो. माझ्या मते खरे नुकसान या तिसऱ्या वेळी होते, कारण पहिल्या दोन वेळी एखादा शब्द हरवलेला असतो, पण तिसऱ्या वेळी बोलणारा माणूसच संभाषणातून बाहेर पडतो. ही तिसरी वेळ येऊ नये आणि आली तरी आपण संभाषणात टिकून राहावे, यासाठी काय करता येईल ते पुढे क्रमाने मांडले आहे.

पहिली पायरी : ध्येय नेमके ठरवणे

नवशिक्याची सर्वांत मोठी चूक अभ्यास सुरू होण्याआधीच होते. ‘आपला उच्चार त्यांच्यासारखा झाला पाहिजे’ असे तो ठरवतो आणि मग वर्षानुवर्षे स्वतःवर नाराज राहतो. मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग या कॅनडातील दोन संशोधकांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन गोष्टी वेगळ्या केल्या. बोलण्यातील परका हेल ही पहिली, बोललेले शब्द प्रत्यक्षात कळणे ही दुसरी, आणि ते कळण्यासाठी ऐकणाऱ्याला किती कष्ट पडले ही तिसरी. चिनी मातृभाषा असलेल्यांची इंग्रजी वाक्ये त्यांनी इंग्रजी भाषकांना ऐकवली आणि जसे ऐकू आले तसे लिहून घ्यायला सांगितले. अनेक वाक्ये श्रोत्यांनी शब्द न शब्द बरोबर लिहिली आणि त्याच वाक्यांचा हेल मात्र ‘फार जड’ असल्याचे नोंदवले. याचा अर्थ असा की हेल जाणवणे आणि बोलणे न कळणे या दोन निरनिराळ्या बाबी आहेत.

युरोपीय परिषदेच्या (कौन्सिल ऑफ युरोप) भाषाक्षमतेच्या आराखड्याला २०१८ मध्ये जी पूरक आवृत्ती जोडली गेली, तिच्यातील उच्चाराचे निकषही मातृभाषकाच्या आदर्शापासून दूर नेऊन आकलनाशी जोडण्यात आले. विमानवाहतुकीचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते, कारण तिथे एक शब्द चुकीचा ऐकला गेला तर माणसांचे जीव जाऊ शकतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्यासाठी इंग्रजीची सहा पातळ्यांची कसोटी ठरवली असून ती २००८ पासून लागू झाली. तिच्यातील किमान आवश्यक असलेल्या चौथ्या पातळीच्या वर्णनात उच्चार, आघात, लय आणि सूर यांवर मातृभाषेचा प्रभाव असलेला चालतो. त्याने समजण्यात केवळ अधूनमधून अडथळा यावा, एवढीच अट आहे. आकाशात चालणारा मराठी हेल जमिनीवर चालायला हरकत नसावी.

तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर ध्येय असे लिहावे : माझे बोलणे पहिल्या किंवा दुसऱ्या प्रयत्नात कळले पाहिजे, आणि ऐकणाऱ्याला त्याचे फार ओझे वाटता कामा नये.

दुसरी पायरी : आपले नेमके काय हरवते ते शोधणे

आपले बोलणे आपल्याला नेहमीच कळते, त्यामुळे स्वतःच्या कानावर विसंबून चालत नाही. दुसऱ्या मराठी माणसाचाही इथे उपयोग नाही, कारण त्याचा कान आपल्यासारखाच घडलेला असतो. म्हणून दोन मिनिटांचे बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करावे. ते वाचून दाखवलेले नसावे. कालचा दिवस कसा गेला किंवा एखादे काम कसे करतात, अशा विषयावर सहज बोललेले असावे. मग ज्याची मातृभाषा वेगळी आहे अशा एखाद्या सहकाऱ्याला किंवा शेजाऱ्याला ते ऐकवून, जे ऐकू आले ते लिहायला सांगावे. विनंती करताना संकोच वाटतो हे खरे, पण बहुतेक माणसे अशा कामाला आनंदाने तयार होतात, आणि एक ओळखही वाढते.

त्याने लिहिलेले आणि आपण म्हटलेले शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होते. चुकांची संख्या मोजू नये, जात ओळखावी. पाच शब्द हरवले असतील आणि त्यांतील चार ‘प’ने सुरू होत असतील, तर दुखणे एकच आहे. बोललेले लिहून दाखवणाऱ्या फोनमधील सोयीचा घरच्या घरी सरावासाठी वापर करायला हरकत नाही, परंतु तिचा निकाल अंतिम मानू नये. यंत्र ज्यांच्या आवाजांवर अधिक शिकलेले असते त्यांनाच ते अधिक चांगले ओळखते, आणि माणसाइतके संदर्भावरून सावरूनही घेत नाही.

तिसरी पायरी : मोजक्याच ध्वनींवर मेहनत

इंग्रजीतील सगळे ध्वनी सारख्या महत्त्वाचे नाहीत. निरनिराळ्या मातृभाषांची माणसे आपापसांत इंग्रजी बोलतात तेव्हा नेमके कशामुळे अडते, याची पाहणी करून भाषासंशोधक जेनिफर जेनकिन्स यांनी २००० मध्ये, कळण्यासाठी उच्चारातील ज्या गोष्टी सांभाळायलाच हव्यात त्यांचा एक गाभा सुचवला. ‘थिंक’ आणि ‘दिस’ यांतील जिभेचे टोक दातांत धरून काढायचे ध्वनी त्यांनी त्या गाभ्याबाहेर ठेवले. मराठी माणूस तिथे दंत्य ‘थ’ आणि ‘द’ वापरतो आणि त्याने काही बिघडत नाही. विमानवाहतुकीच्या रेडिओ-संभाषणात तर तीनचा आकडा ‘ट्री’ असाच उच्चारायचा असा संकेत आहे. आपला मूर्धन्य ‘ट’ आणि ‘ड’ हेही हेल दाखवतात, अर्थ सहसा बिघडवत नाहीत. त्यांच्यामागे वर्ष घालवू नये.

मेहनत करायची ती पुढील ठिकाणी. शब्दाच्या सुरुवातीचे ‘प’, ‘ट’, ‘क’ इंग्रजीत आघातयुक्त अवयवात (शब्दाच्या ज्या उच्चारखंडावर जोर असतो त्यात) थोडे महाप्राण होतात, म्हणजे त्यांच्यासोबत श्वासाचा झोत येतो. आपण ते कोरडे उच्चारतो, आणि मग आपला ‘पॅक’ दुसऱ्याला ‘बॅक’ ऐकू येतो. गंमत अशी की हा झोत आपल्या वर्णमालेत पहिल्यापासून आहे. ‘कॅप’ म्हणताना ‘क’ आणि ‘ख’ यांच्या मधोमध राहावे, ‘टाइम’ म्हणताना ‘ठ’कडे थोडे झुकावे. ‘प’च्या बाबतीत एक सावधगिरी हवी : आजकाल आपण ‘फ’ हा ओठ न मिटता उच्चारतो, त्यामुळे इथे ‘फ’ची मदत घेऊ नये, ओठ पुरते मिटून मग ‘ह’सह उघडावेत. तोंडासमोर कागदाचा पातळ कपटा धरला आणि तो हलला, तर ध्वनी साधला असे समजावे.

‘व्ह’ आणि ‘व’ हा फरक मराठी लेखनाने आपल्याला आयता दिलेला आहे. आपण ‘व्हॅन’ लिहितो आणि ‘वॉच’ लिहितो, परंतु बोलताना दोन्हींची सरमिसळ करतो. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला लागतात. दुसऱ्यात दात कुठेच लागत नाहीत, ओठ शिटी वाजवताना होतात तसे गोल होतात. आरशासमोर आठवडाभर रोज पाच मिनिटे ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ म्हटले तरी ओठांना सवय लागते. ‘झू’ आणि ‘प्राइझ’ यांतील ध्वनीसाठी ‘स’ लांबवावा आणि तो न थांबवता कंठातून आवाज सुरू करावा. ‘जहाज’मधील ‘ज’ला आरंभी जो अटकाव असतो तो इथे नको.

स्वरांमध्ये खरी अडचण ऱ्हस्व-दीर्घाची. मराठी लेखनात आपण वेलांट्या काटेकोर पाळतो, पण बोलताना इकार-उकाराची लांबी बहुधा शब्दातील जागेवरून ठरते. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांसारख्या जोड्या थोड्या आणि त्याही संदर्भाने उलगडणाऱ्या. त्यामुळे आपला कान या फरकाबाबत सैल राहिला आहे. इंग्रजीत मात्र ‘लिव्ह’ म्हणजे राहणे आणि ‘लीव्ह’ म्हणजे सोडून जाणे. ऱ्हस्व स्वर सैल जबड्याने झटकन सोडावा, दीर्घ स्वर ओठ ताणून रेंगाळवावा. ‘बॅट’मधील ‘ॲ’ आणि ‘कॉट’मधील ‘ऑ’ मात्र मराठीने केव्हाच स्वीकारले आहेत. ती आपली जमेची बाजू आहे.

चौथी पायरी : आघात

या पायरीवर सर्वांत अधिक वेळ द्यावा असे मी आग्रहाने सांगेन. भारतीय इंग्रजी इतरांना कितपत कळते यावर आर. के. बन्सल यांनी १९६९ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. न कळण्याच्या प्रमुख कारणांत चुकीच्या अवयवावर पडणारा आघात हे कारण त्यांनी तेव्हाच नोंदवले होते. तरीही आपल्याकडे उच्चार सुधारायचा म्हणजे सुटे ध्वनी सुधारायचे अशीच समजूत आजही दिसते.

मराठीत आघाताची जागा बदलली म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही, आणि सगळे अवयव कमी-अधिक सारख्याच वजनाने उच्चारले जातात. इंग्रजी ऐकणारा मात्र आघातयुक्त अवयवाच्या आधाराने शब्द ओळखतो. ‘हॉटेल’मध्ये जोर ‘टेल’वर आहे, ‘डेव्हलप’मध्ये मधल्या ‘व्हे’वर, ‘कमिटी’मध्ये ‘मि’वर. ‘फोटोग्राफ’मध्ये तो ‘फो’वर असतो, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्या अवयवावर सरकतो आणि ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर जातो. जोर पहिल्यावर असला तर ‘रेकॉर्ड’ हे नाम, दुसऱ्यावर असला तर क्रियापद. म्हणून नवा शब्द वहीत लिहिताना अर्थाआधी त्याचा जोर खुणेने दाखवावा. बोलताना त्या अवयवावर नुसता आवाज चढवून भागत नाही. तो थोडा लांबवावा लागतो आणि शेजारचे अवयव आखडून, जवळजवळ पुसट ‘अ’सारखे, म्हणावे लागतात. हे आखडणे आपल्याला आळशीपणाचे वाटते, कारण स्पष्ट बोलणे म्हणजे प्रत्येक अक्षर सारखे वाजवणे अशी आपल्याला शिकवण असते. इंग्रजीत मात्र आखडलेल्या अवयवांमुळेच जोराचा अवयव उठून दिसतो.

पंधरा आणि पन्नास यांचा घोळ इथलाच. ‘फिफ्टीन’ सुटा म्हणताना जोर शेवटी असतो आणि ‘टीन’ लांबतो. ‘फिफ्टी’त जोर सुरुवातीला असतो आणि शेवट तुटक असतो. एका भेटीची वेळ मी सव्वातीन सांगितली आणि पलीकडच्या व्यक्तीने ती तीन पन्नास लिहून घेतली. पस्तीस मिनिटे एकटे बसल्यावर आघात म्हणजे काय ते मला पक्के कळले. ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ यांचेही तसेच. होकारार्थी वाक्यात ‘कॅन’ आखडून जवळजवळ ‘कन’ होतो आणि जोर पुढच्या क्रियापदावर जातो. आपण ‘आय कॅन कम’ म्हणताना ‘कॅन’वर भार दिला, तर ऐकणाऱ्याला अनेकदा नकार ऐकू येतो, आणि मग आपण गेल्यावर तो आश्चर्याने पाहतो.

शब्दाइतकाच वाक्याचा आघात महत्त्वाचा आहे. मराठीत आपण हे काम शब्दयोगी ‘च’, ‘ही’, ‘तर’, ‘पण’ यांच्याकडून आणि शब्दांच्या क्रमाकडून करून घेतो. ‘मीच सांगितले’, ‘मी सांगितलेच’, ‘मी तुलाही सांगितले’ या प्रत्येकात भर कुठे आहे ते कागदावरही दिसते. इंग्रजीत वाक्य तेच राहते आणि ‘च’चे सगळे काम आवाज करतो. म्हणून एक सराव सुचवतो : मनात मराठी वाक्य ‘च’ किंवा ‘ही’ लावून म्हणावे, आणि ज्या शब्दाला तो लागला त्याच्या इंग्रजी प्रतिशब्दावर सूर चढवून तो लांबवावा. ‘आय टोल्ड यू’ या तीन शब्दांच्या वाक्यातून तीन निराळी मराठी वाक्ये निघतात हे एकदा कानाला पटले की जोर आपोआप योग्य जागी पडतो. लॉरा हान यांनी २००४ मध्ये एकच भाषण योग्य आघाताने, चुकीच्या आघाताने आणि आघाताविना ऐकवून पाहिले. योग्य आघाताचे भाषण श्रोत्यांच्या अधिक लक्षात राहिले आणि वक्त्याविषयीचे मतही अधिक चांगले झाले. बोलणाऱ्याचा परका हेल तिन्ही वेळा तोच होता.

वेगाविषयी थोडक्यात. सर्व शब्द सावकाश म्हणणे कंटाळवाणे होते. वेग आपला असावा, पण अर्थाचा एक तुकडा संपला की श्वासभर थांबावे. घाईत बोलणाऱ्याची वाक्ये एकमेकांत घुसतात आणि ऐकणाऱ्याला मागचे समजून घ्यायला जागाच राहत नाही.

पाचवी पायरी : संभाषण अडले तर

अडल्यावर तेच वाक्य मोठ्याने म्हणू नये. शब्द बदलावा, किंवा वाक्य मोडून दोन करावीत, किंवा संदर्भ आधी सांगावा : ‘इट्स अबाउट द मीटिंग टुमॉरो’ एवढे म्हटले की पुढचा अस्पष्ट शब्दही श्रोता ओळखतो. आकडे सांगताना ‘वन फाइव्ह, फिफ्टीन’ असे सुटे अंक जोडावेत. नाव किंवा पत्ता असेल तर ‘अल्फा, ब्राव्हो, चार्ली’ ही अक्षरमाला वापरावी. १९५६ मध्ये विमानवाहतुकीसाठी स्वीकारलेली ही माला निरनिराळ्या भाषांच्या लोकांना ऐकवून, पारखून ठरवलेली होती. ती एका दुपारी पाठ होते. मराठी नावांच्या बाबतीत तिची फार मदत होते, आणि नाव तोडून-मोडून सोपे करून घेण्याची वेळ येत नाही.

आपल्याला कळले नाही तर मान डोलावू नये. ‘तुम्ही मंगळवार म्हणालात की गुरुवार?’ अशा अर्थाचा नेमका प्रश्न विचारावा. त्यातून आपण बाकीचे लक्षपूर्वक ऐकले हेही दिसते. नकारार्थी प्रश्नाला उत्तर देताना विशेष जपावे. ‘तू आला नव्हतास का?’ याला मराठीत ‘हो, नव्हतो आलो’ हे उत्तर सरळ आहे. इंग्रजीत त्याच प्रश्नाला नुसते ‘येस’ म्हटले तर ‘आलो होतो’ असा अर्थ घेतला जाऊ शकतो. एकशब्दी उत्तर टाळून पूर्ण वाक्य बोलावे : ‘नो, आय डिडन्ट कम.’ विनंतीचेही तसेच आहे. आपला आदर क्रियापदातच बसलेला असतो; ‘बसा’, ‘द्या ना’ म्हटले की नम्रता आली. ‘गिव्ह मी’ मध्ये ती कुठेच उरत नाही, म्हणून ‘कुड यू’ने सुरुवात करावी आणि शेवटी सूर हळू सोडावा.

सहावी पायरी : संभाषणात जागा घेणे

‘आधी इंग्रजी सुधारू, मग लोकांत मिसळू’ हा क्रम मी अनेकांना लावताना पाहिला आहे, आणि त्यांतील बरेच जण पाच वर्षांनीही पहिल्याच टप्प्यावर असतात. क्रम उलटा हवा, आणि त्याला ठोस कारण आहे. कॉन्स्टन्स क्लार्क आणि मेरिल गॅरेट यांच्या २००४ मधील प्रयोगांत असे दिसले की परक्या हेलाला ऐकणाऱ्याचा कान एका मिनिटाहून कमी वेळात सरावू लागतो. म्हणजे आपल्याला शिकायचे आहे तसे समोरच्यालाही आपला आवाज शिकायचा असतो, आणि आपण गप्प राहिलो तर त्याला ती संधीच मिळत नाही. म्हणून दर वेळी नव्या माणसांना भेटण्यापेक्षा तीच पाच-सहा माणसे दर आठवड्याला भेटतील असे काहीतरी निवडावे : खेळाचा संघ, वाचनगट, स्वयंसेवेचे काम, कुठलाही वर्ग. हातांना काम असलेली जागा उत्तम, कारण तिथे शांतता अवघड वाटत नाही आणि बोलण्याचे विषय समोरच पडलेले असतात.

सुरुवात दोघांच्या बोलण्यापासून करावी. मोठ्या घोळक्यात बोलण्याची पाळी इतक्या झपाट्याने फिरते की वाक्य मनात जुळेपर्यंत विषय बदललेला असतो. तिथे शिरताना पूर्ण वाक्य तयार होण्याची वाट पाहू नये. ‘दॅट रिमाइंड्स मी’ यासारखा छोटा तुकडा आधी टाकून जागा धरावी आणि मग वाक्य रचावे. सभेत पहिल्या दहा मिनिटांत एकदा तरी बोलावे, मग तो साधा प्रश्न का असेना, कारण जितका उशीर होतो तितके तोंड उघडणे जड जाते.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. सगळाच दोष बोलणाऱ्याकडे नसतो. डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ मध्ये अमेरिकेतील विद्यार्थ्यांना एकाच व्यक्तीचे ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकवले. काहींना सोबत गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र दाखवले, काहींना आशियाई स्त्रीचे. आवाज तोच असूनही आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना ते कमी समजले. बॉनी नॉर्टन यांनी कॅनडात स्थलांतरित झालेल्या पाच स्त्रियांच्या अनुभवांचा अभ्यास केला आणि दाखवून दिले की बोलण्याची संधी केवळ धीटपणाने मिळत नाही; आजूबाजूची माणसे आपल्याला बोलण्यास योग्य मानतात की नाही यावरही ती अवलंबून असते. त्यांतील एकीने कामाच्या ठिकाणी नवशिकी स्थलांतरित ही भूमिका सोडून तरुण सहकाऱ्यांमधील वडीलधारी बाई ही भूमिका घेतली, आणि त्या नात्याने ती बोलू लागली. आपणही कुठेतरी जाणकार असतोच. कुणी हिशोबात, कुणी बागकामात, कुणी यंत्रदुरुस्तीत. जिथे लोकांना आपल्याकडून काही हवे असते, तिथे ते कान देऊन ऐकतात. म्हणून पहिला गट निवडताना आपल्याला ज्यातले कळते त्याच विषयाचा निवडावा. आणि एखादा माणूस वारंवार प्रयत्न करूनही ऐकूनच घेत नसेल, तर आपल्या उच्चाराला दोष न देता दुसऱ्या माणसाशी बोलावे.

सोबत दुसरा मराठी भाषक असेल, तर चारचौघांत त्याचा उच्चार दुरुस्त करू नये. त्याचे बोलणे कळले नसेल, तर ‘ही मीन्स’ म्हणून त्याच्या वतीने उत्तर देण्याऐवजी त्यालाच पुन्हा बोलण्यास वेळ मिळू द्यावा.

सहा आठवड्यांनी पहिल्यासारखेच दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण करावे आणि आपल्या आवाजाला न सरावलेल्या नव्या माणसाकडून लिहून घ्यावे, म्हणजे तुलना खरी होईल. त्याच वहीत आणखी एक नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी : या आठवड्यात आपण किती वेळा ‘नथिंग’ म्हणून बोलणे सोडून दिले, आणि ते कोणासमोर. आकड्यापेक्षा नावांकडे लक्ष द्यावे, कारण पुढच्या आठवड्याचा सराव त्याच माणसांशी करायचा आहे.